कोर्स राहू दे, आधी तीन बॉक्स बेदाणा घे

ताई,
मी तासगाव तालुक्यातल्या एका गावात राहते. वय 29, बी.कॉम. झालेय. घरची दोन एकर द्राक्षबाग आहे, आम्ही सगळा बेदाणाच करतो. मिस्टर कुपवाड एमआयडीसीत कामाला आहेत. मुलगी यंदा पहिलीत गेली, त्यामुळे दुपारचा वेळ मोकळा मिळतो. बचत गट आणि शिवणकाम यांतून माझे स्वतःचे 35 हजार रुपये साठले आहेत. मागच्या महिन्यात सांगलीत एका हॉलमध्ये ‘घरबसल्या ऑनलाइन व्यवसाय’ असा मोफत सेमिनार होता. माल विकत न घेता, घरात न ठेवता विकायचा, तीन महिन्यांत महिना लाख रुपये, असं ते सांगत होते. कोर्सची फी 30 हजार. त्या दिवशी निम्म्या बायकांनी नाव नोंदवलं, मीही 2 हजार टोकन दिलं. आता रोज फोन येतो, की बाकीचे भरा नाहीतर सीट जाईल. मिस्टर म्हणतात, तुझे पैसे, तू ठरव. आत्या (सासूबाई) काही बोलत नाहीत. कोर्स नाही केला तर मला ऑनलाइन काही जमेल का? घरचा बेदाणा विकावा असं मनात येतं, पण वेबसाइट, लायसन्स, जीएसटी यातलं काही कळत नाही. आणि तात्या (सासरे) म्हणतात, आपला माल सौद्यातच (बाजारातल्या लिलावातच) जाऊ दे.
— एक वाचक, ता. तासगाव

तुझं पत्र वाचून आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. बाकीचे 28 हजार भरू नकोस. तुझ्यात कमी आहे म्हणून नाही, तर तुला जे येतं त्याची त्या कोर्सला गरजच नाही म्हणून. द्राक्ष डिपिंगच्या पाण्यात किती वेळ बुडवायची, रॅकवर कितव्या दिवशी माल खाली घ्यायचा, पावसाचा शिंतोडा आला तर काय करायचं, हे तू दर वर्षी बघतेस. पुण्या-मुंबईत बेदाणा खाणाऱ्या हजारात एकालाही हे माहीत नसतं. हे ज्ञान बाजूला ठेवून तू कुठल्या तरी अनोळखी कारखान्याची फोन कव्हरं विकायला बसावंस, असं मला वाटत नाही.

त्या सेमिनारमध्ये जे सांगितलं त्याला ड्रॉपशिपिंग म्हणतात. पद्धत म्हणून ती खोटी नाही. तू ऑनलाइन दुकान मांडतेस, गिऱ्हाईक तुला ऑर्डर देतं, तू ती पुढे घाऊकवाल्याला कळवतेस आणि तो परस्पर माल पाठवतो. मधला फरक तुझा. पण तो फरक जातो कुठे, हे त्या हॉलमध्ये कुणी फळ्यावर मांडून दाखवलं का? ओळखीचं कुणीच गिऱ्हाईक नसल्यामुळे प्रत्येक विक्रीसाठी जाहिरात करावी लागते, आणि जाहिरातीचे पैसे विक्री होवो न होवो कापले जातात. दुकानाच्या सॉफ्टवेअरचं भाडं दरमहा वेगळं. माल तू पाहिलेलाच नसतो, त्यामुळे फाटका निघाला, उशिरा पोचला, तर बोलणी तू खायची. परत आलेल्या पार्सलचा खर्चही बहुतेक वेळा तुझ्याच माथी. जाहिरातीत मुरलेली माणसं यातून कमावतात, पण 35 हजारांत सगळं बसवणाऱ्या आणि पहिल्यांदाच उतरणाऱ्या बाईसाठी हा रस्ता नाही.

तरीही मनात रुखरुख राहत असेल तर फोन करणाऱ्याला एकच विचार: तुमचं स्वतःचं चालू दुकान कोणतं, त्याचा जीएसटी क्रमांक द्या. तो क्रमांक जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे, चालू आहे की रद्द, हे फुकट कळतं. मोबाइलवरच्या कमाईचे स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे. आणखी चार बायका आणल्या तर तुमची फी वसूल, असंही जर ते म्हणाले असतील, तर तिथून लगेच बाजूला हो. माणसं जोडण्याचे पैसे देणाऱ्या पिरॅमिड योजनांना 2021 च्या थेट विक्री नियमांनी बंदी आहे.

आता बेदाण्याकडे येऊ.

तात्यांचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. सौद्यात एकरकमी पैसे येतात, त्यावर सोसायटीचं कर्ज, औषधांची उधारी, छाटणीची मजुरी उभी असते. सून ऑनलाइन विकणार म्हणून तो माल कोल्ड स्टोअरेजला अडवून ठेवायचा, हे कुठल्याच शेतकऱ्याला पटणार नाही. म्हणून तू त्यांच्याकडे माल मागूच नकोस, विकत घे. त्या आठवड्यात तासगावला त्या प्रतीला जो भाव निघाला असेल, त्या भावाने 15 किलोचे तीन बॉक्स, रोख पैसे देऊन. वहीत तारीख घालून लिही आणि त्यांना दाखव. घरातल्या घरात पैसे कसले द्यायचे, असं आत्या म्हणतील, तरी दे. एक तर तुझा धंदा खरंच चालतो का, हे त्याशिवाय कळणार नाही. फुकटच्या मालावर कुणालाही नफा दिसतो. आणि दुसरं म्हणजे, उद्या धंदा वाढला तर तो कुणाचा, हा प्रश्न घरात उभा राहत नाही.

अजून एक. त्या तीन बॉक्ससाठी लॉटमधला चांगला चांगला दाणा वेचून घेऊ नकोस. वरचा माल काढला की उरलेल्या लॉटचा भाव पडतो, आणि तो फटका तात्यांना बसतो. भरलेला बॉक्स जसा आहे तसा घे आणि घरी आणून तू निवड. काड्या, देठ, काळपट दाणे निघून 45 किलोचे 42 किलो राहतील असं धर.

हिशेब मांडू. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुझ्या वेळचा भाव घालून पुन्हा कर. बेदाणा 250 रुपये किलोने पडला असं समजू. निवडल्यावर तो 270 च्या आसपास जातो. पाकीट अर्ध्या किलोचं करू नकोस, 400 ग्रॅमचं कर. सगळे जण अर्धा किलो करतात आणि इथेच फसतात, कारण पोस्ट असो की कुरिअर, वजनाचा टप्पा 500 ग्रॅमचा असतो. अर्धा किलो बेदाणा, त्यावर पाऊच, खोका, टेप, म्हणजे 570 ग्रॅम, म्हणजे पैसे एक किलोचे. 400 ग्रॅमला माल 108 रुपये, पाऊच आणि लेबल 10, खोका-टेप 12, टपाल 55 धरलं तर 185 रुपये. 250 ला विकलंस तर 65 राहतात. पण 250 रुपयांत 400 ग्रॅम हे पुण्यातल्या बाईला महाग वाटणार, तिच्या कोपऱ्यावरच्या दुकानात स्वस्त मिळतो. ते पाकीट चव बघण्यासाठी आणि भेट देण्यासाठी ठेव. रोजच्या गिऱ्हाइकासाठी 1.8 किलोचा डबा कर, म्हणजे बांधून दोन किलोच्या आत बसतो. माल 486, बांधणी 30, टपाल 110, एकूण 626. 800 ला दिलास तर 174 रुपये.

तुझा खरा धंदा मात्र मला तिसऱ्याच ठिकाणी दिसतो. आपल्या भागातली किती माणसं पुण्यात, पिंपरी-चिंचवडला, ठाण्याला आहेत! तुझ्या वर्गातल्या मैत्रिणी, नणंद, मावसभाऊ. यांपैकी एखादी बाई तिच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुझे फोटो टाकेल, दहा जणींच्या ऑर्डरी गोळा करेल, आणि तू दहा किलो एका खोक्यात घालून संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सने पाठवशील. सकाळी ती स्टॉपवरून उचलेल. दहा किलोला माल 2,700, एक-एक किलोचे पाऊच आणि मोठा खोका 160, ट्रॅव्हल्सवाल्याचे 150 धर, झाले 3,010. किलोला 400 ने 4,000 आले, राहिले 990. गिऱ्हाइकालाही टपालापेक्षा स्वस्त पडलं. त्या मैत्रिणीला दर वेळी एक किलो तसाच दे, फुकट राबवू नकोस.

असे दोन खोके, बारा छोटी पाकिटं आणि नऊ डबे गेले की तीन बॉक्स संपतात आणि हातात चार हजारांच्या आसपास उरतात. ही रक्कम लहान आहे, हे मला कळतं. लाखाच्या गप्पा ऐकून आल्यावर तर फारच लहान वाटेल. पण ती खरी आहे, आणि ती महिन्याभरात तीनदा फिरवता आली तर शिवणकामाच्या वर जाते. सुरुवातीला लागणारे पैसे असे: बेदाणा 11,250, पाऊच-लेबलं-खोके दोन हजार, काटा आणि पाऊच सील करायचं मशीन मिळून तीन हजार. सोळा-सतरा हजारांत बसतं. काटा घेताना वैधमापन विभागाचा शिक्का असलेला घे, स्वयंपाकघरातला चालत नाही. उरलेले अठरा हजार बँकेतच राहू देत. पहिला माल विकला गेल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही आणि त्या अठरा हजारांना हात लावायचा नाही, एवढं स्वतःशी पक्कं कर.

वेबसाइट आत्ता नको. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे अ‍ॅप फुकट आहे. वेगळं सिम घे, त्यावर ते सुरू कर, कॅटलॉगमध्ये तीन पाकिटांचे फोटो, वजन आणि भाव टाक. ब्रॉडकास्ट यादीत 256 जण बसतात, पण ज्यांनी तुझा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवलाय त्यांनाच मेसेज पोचतो. म्हणून प्रत्येक पाकिटात छोटी चिठ्ठी घाल, की हा नंबर सेव्ह करा. फोटो सकाळच्या उजेडात ओसरीवर, पांढऱ्या कापडावर. दुसऱ्याच्या साइटवरचे फोटो उचलू नकोस. शेडचे, रॅकवर पसरलेल्या द्राक्षांचे, निवडणाऱ्या हातांचे छोटे व्हिडिओ पुढच्या हंगामात भरपूर करून ठेव, ते वर्षभर पुरतात. तास-ए-गणेश ही द्राक्षाची जात तुझ्याच तालुक्यातल्या बोरगावात निघाली, हे किती जणांना ठाऊक आहे? सांग त्यांना. चार किलोच्या आसपास द्राक्षं सुकली की एक किलो बेदाणा होतो, हेही सांग. मग भावावरून घासाघीस कमी होते.

मोठ्या साइटवर विकायचं पहिल्या वर्षी मनात आणू नकोस. कमिशन, परतावे, पाकिटाचे त्यांचे नियम, यात तुझे 65 रुपये विरघळून जातात. शंभर घरं दुसऱ्यांदा मागायला लागली की तेव्हा बघू.

कागदपत्रांचं तुला दडपण आलंय ते दिसतं, पण एवढं अवघड नाही. खाण्याचा पॅकबंद माल विकायचा तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, मूळ नोंदणी लागते. छोट्या घरगुती व्यवसायाला ती फॉसकॉस या सरकारी पोर्टलवर आधार, फोटो आणि पत्त्याच्या पुराव्यावर होते. शुल्क शे-दोनशे रुपयांच्या घरातलं. मिळालेला 14 अंकी क्रमांक पाकिटावर छापायचा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंद, पूर्ण मोफत आहे. तिचे दोन-तीन हजार मागणाऱ्या खासगी साइट सरकारीसारख्या दिसतात, त्यांच्या नादी लागू नकोस. लेबलवर तुझं नाव-पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, ग्रॅम किंवा किलोमागे पडणारी किंमत, पॅकिंगचा महिना-वर्ष, कधीपर्यंत वापरायचा, बॅच क्रमांक, शाकाहाराचं हिरवं चिन्ह, तक्रारीसाठी फोन. घटक आणि पोषणमूल्यांचा तक्ता कसा द्यायचा ते नोंदणी करतानाच अन्न व औषध प्रशासनाच्या सांगलीतल्या कार्यालयात विचारून घे. मालाला गंधकाची धुरी दिली असेल तर लेबलवर सल्फाइटचा उल्लेख हवा. दमा असणाऱ्या काही जणांना त्याचा त्रास होतो, म्हणून ही गोष्ट लपवायची नाही. आणि ‘सेंद्रिय’ हा शब्द लिहू नकोस. बागेवर किती फवारण्या होतात हे तुला माहीत आहे. रक्त वाढतं, अमुक आजार जातो, असलंही काही नको.

‘सांगलीचा बेदाणा’ याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तासगाव तालुक्यातला घरचा बेदाणा, असं तू खुशाल लिही, ते खरंच आहे. मानांकनाचा लोगो छापायचा असेल तर मात्र अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते. तात्या शेतकरी असल्यामुळे त्यांच्या नावाने ती करता येईल, पुढच्या वर्षी बघा.

जीएसटीचं नीट वाच, यात बरेच जण अडकतात. शेतकरी स्वतःच्या शेतातला बेदाणा विकतो तेव्हा त्याला जीएसटी लागत नाही. डिसेंबर 2024 मध्ये जीएसटी परिषदेने तसं स्पष्टच केलं. पण तू तात्यांकडून विकत घेऊन विकणार, म्हणजे तू व्यापारी झालीस. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात विकत राहिलीस तर वर्षाला 40 लाखांची उलाढाल होईपर्यंत नोंदणी लागत नाही. राज्याबाहेर एक पाकीट जरी पाठवलंस तरी नोंदणी लागते, उलाढाल कितीही असो. म्हणून बेळगाव, हैदराबाद, सुरतच्या ऑर्डरी आल्या तरी पहिल्या वर्षी नको म्हण. खानापूर-आटपाडीकडची गलाईवाली (सोनं-चांदी गाळणारी) कुटुंबं देशभर पसरलीत, ती जत्रेला, सुट्टीला गावी येतात तेव्हा हातात घेऊन जातील. राज्याबाहेरची मागणी खरोखर वाढली की करसल्लागाराकडे जा, तेव्हा तो खर्च परवडेल.

पैसे आधी, माल नंतर. घरपोच पैसे घ्यायची सोय ठेवू नकोस. पार्सल घ्यायला कुणी नसलं की ते परत येतं, जाण्या-येण्याचं भाडं तुझं, आणि उन्हात फिरून आलेला बेदाणा पुन्हा विकण्याजोगा राहत नाही. यूपीआयने पैसे आले की बँकेचा मेसेज किंवा खात्यातली शिल्लक बघ, गिऱ्हाइकाने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर माल सोडू नकोस. कधीतरी एक फोन येईल. समोरचा सांगेल की मी लष्करात आहे, कॅन्टीनसाठी पन्नास किलो हवा, पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा आणि पिन टाका. फोन बंद कर. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. चुकून काही झालंच तर त्याच मिनिटाला 1930 वर फोन कर.

साठवणीचं तुला मी काय सांगणार, पण घरातल्या तीन बॉक्सचं वेगळं आहे. कोल्ड स्टोअरेजमधून बाहेर आलेला माल पावसाळी हवेत चिकट होतो, रंग काळवंडतो. म्हणून हवाबंद डब्यात, गार खोलीत ठेव, ऑर्डर आली की भर, आणि महिन्याभरात संपेल एवढाच आण. गौरी-गणपती आणि दिवाळीच्या आधी मागणी चढते, रमजानच्या महिन्यातही. त्याच्या तीन आठवडे आधी ब्रॉडकास्ट जाऊ दे, ऐन सणात पार्सलं रखडतात.

नातेवाइकांचं अवघड असतं. घरचाच तर आहे, दोन किलो दे की पाठवून, असं म्हणणारी पाच-सहा माणसं पहिल्याच आठवड्यात निघतील. तुला द्यायचा असेल त्याला मनापासून दे, पण वहीत तुझ्या खर्चात लिही. आणि सून बेदाणा विकायला बसली असं गावात कुणी म्हणालं, तर म्हणू दे. तात्यांना मात्र प्रत्येक महिन्याच्या शेवटी वही वाचून दाखव. सौद्यात काय भाव होता आणि तू काय भावाने विकलंस, हे दोन आकडे शेजारी दिसले की पुढच्या हंगामात ते स्वतःच विचारतील, यंदा किती बॉक्स ठेवायचे. आत्या गप्प आहेत असं लिहिलंस. त्या नको म्हणत नाहीत, याकडे लक्ष दे. निवडायला त्यांना सोबत घे, त्यांच्या हाताला दाणा कळतो, आणि त्या कामाचे पैसे त्यांच्या हातात दे.

राहिलं ते 2 हजारांचं टोकन. आजच त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर आणि ईमेलवर लेखी कळव, की मला कोर्स करायचा नाही, रक्कम परत करा. पावती आणि पैसे पाठवल्याची नोंद जपून ठेव. फोनवर बोलू नकोस, ते बोलण्यात तुझ्यापेक्षा तयार असतात. आठवड्यात उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदव, मराठीत बोलता येतं. ‘टोकन परत मिळणार नाही’ असं पावतीमागे छापलेलं असलं तरी तक्रार कर. ते पैसे कदाचित येतील, कदाचित नाही येणार. न आले तर ते वसूल करायचे म्हणून बाकीचे 28 हजार त्यांच्याकडे भरू नकोस.